घरातील वयस्क व्यक्ती विसरू लागली तर : अल्झायमर समजून घेण्याची आणि सांभाळण्याची वाट

पहिली पायरी : विसरणे कोणत्या प्रकारचे आहे ते पाहावे

वय वाढले की आठवायला वेळ लागतो. ओळखीच्या माणसाचे नाव ओठांवर येऊन अडकते, चष्मा शोधावा लागतो, दुसऱ्या खोलीत कशासाठी आलो हे क्षणभर सुचत नाही. परंतु ते नाव तासाभराने आपोआप आठवते, चष्मा सापडतो, आणि बिले भरणे, औषधे घेणे, एकट्याने बाहेर जाऊन येणे ही कामे पूर्वीसारखीच पार पडतात. अशा विसराळूपणाला आजार म्हणण्याचे कारण नाही.

अल्झायमरमध्ये मात्र आठवण नुसती मंदावत नाही, नवी आठवण तयारच होत नाही. सकाळी मुलीशी अर्धा तास फोनवर बोललेले वडील दुपारी विचारतात, "तिचा फोन कसा आला नाही अजून?" आणि "अहो बाबा, तिने परीक्षेच्या निकालाचं सांगितलं ना तुम्हाला," असे म्हटले तरी त्यांच्या चेहऱ्यावर काहीच उमटत नाही. साध्या विसराळूपणात असा धागा हाती दिला की पुढचे सगळे आठवते. येथे धागा देऊनही उपयोग होत नाही, कारण तो प्रसंग मेंदूत नोंदलाच गेलेला नसतो. हा एक फरक नीट लक्षात ठेवला, तर पुढे वागावे कसे, याची बरीच उत्तरे त्यातूनच मिळतात, असे मला वाटते.

दुसरी खूण रोजच्या कामांत दिसते. आयुष्यभर हिशेब चोख ठेवणाऱ्या व्यक्तीला साध्या बेरजा जमेनाशा होतात, एकच बिल दोनदा भरले जाते, पायाखालच्या रस्त्यावर वाट चुकते, बोलताना नेमका शब्द न सापडून "ते हे... ते द्या ना" असे वाक्य वारंवार अर्धवट राहते. कधी कधी विसरण्याआधी माणूस मागे मागे राहू लागतो : गप्पांत भाग घेत नाही, आवडीचे छंद सोडतो, चार लोकांत जायला टाळाटाळ करतो. घरच्यांना तो आळस किंवा हट्ट वाटतो. प्रत्यक्षात ती व्यक्ती जमेनाशा झालेल्या गोष्टींपासून स्वतःला वाचवत असते. आणखी एक गोष्ट अनुभवी डॉक्टर आवर्जून पाहतात, ती म्हणजे तक्रार कोण करते. स्वतःच्या विसरण्याची चिंता करत स्वतःहून डॉक्टरांकडे येणाऱ्या व्यक्तीपेक्षा, घरचे काळजीत आहेत आणि स्वतः ती व्यक्ती "मला काही झालेलं नाही" असे ठामपणे सांगते आहे, ही परिस्थिती अधिक गांभीर्याने घ्यावी लागते. आपल्यात झालेला बदल जाणवणे हेही मेंदूचेच काम आहे आणि या आजारात तेही बिघडते, त्यामुळे तो नकार खोटेपणा समजू नये.

या दोन टोकांच्या मध्ये एक अवस्था असते. तिच्यात चाचण्यांत स्मरणशक्ती वयाच्या मानाने कमी भरते, पण रोजचे व्यवहार चालू असतात. डॉक्टर तिला एमसीआय (माइल्ड कॉग्निटिव्ह इम्पेअरमेंट, म्हणजे बुद्धी-स्मृतीची सौम्य घट) म्हणतात. तिच्यातून काहींना पुढे डिमेन्शिया, म्हणजे रोजचे जगणे अडावे इतका ऱ्हास, होतो, काही जण वर्षानुवर्षे तसेच राहतात आणि काहींमध्ये सुधारणाही होते. म्हणून अशा वेळी घाबरून न जाता ठरावीक काळाने पुन्हा तपासणी करून घेणे योग्य ठरते.

दुसरी पायरी : मेंदूत काय घडते ते समजून घ्यावे

आलोइस अल्झायमर या जर्मन मनोविकारतज्ज्ञांनी १९०१ मध्ये फ्रँकफर्टच्या रुग्णालयात ऑगुस्ट डेटर या ५१ वर्षांच्या स्त्रीला तपासले. तिला स्वतःचे नाव लिहिता लिहिता पुढचे सुचत नसे आणि नवऱ्याविषयी विनाकारण संशय येई. १९०६ मध्ये तिचा मृत्यू झाल्यावर त्यांनी तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तेव्हा त्यांना पेशींच्या बाहेर साचलेले थर आणि पेशींच्या आत धाग्यांचे गुंते दिसले. बाहेरचे थर अमायलॉइड नावाच्या प्रथिनाचे आणि आतले गुंते टाऊ नावाच्या प्रथिनाचे असतात, हे नंतरच्या संशोधनाने सिद्ध झाले. १९१० मध्ये मनोविकारतज्ज्ञ एमिल क्रेपेलिन यांनी आपल्या पाठ्यपुस्तकात या आजाराला अल्झायमर यांचे नाव दिले.

ही बिघाडाची प्रक्रिया लक्षणे दिसण्यापूर्वी १५ ते २० वर्षे सुरू झालेली असते. टाऊचे गुंते सर्वांत आधी कानशिलाच्या आतल्या बाजूला, हिप्पोकॅम्पस आणि त्याच्या शेजारच्या भागात वाढतात. नव्या प्रसंगांची नोंद करणे हे याच भागाचे काम, म्हणून कालचे आठवत नाही. बालपणीच्या आणि तरुणपणीच्या आठवणी मेंदूच्या बाहेरच्या आवरणात दूरवर पसरून पक्क्या झालेल्या असतात, म्हणून त्या दीर्घकाळ टिकतात. घरातले लोक "चाळीस वर्षांपूर्वीचं सगळं आठवतं, मग आजचं कसं आठवत नाही? मुद्दाम करतात," असे म्हणतात, तेव्हा त्यांना नेमकी हीच गोष्ट ठाऊक नसते. पुढे आजार भाषा, जागेचे भान आणि नियोजन यांच्या भागांत पसरतो, आणि अखेरीस चालणे व गिळणेही अवघड होते. याउलट हातांना बसलेल्या सवयी, सूर, ताल यांचा ठेवा मेंदूच्या वेगळ्या भागांत असल्यामुळे, वाक्य पूर्ण न करू शकणारी व्यक्ती जुने गाणे अखेरपर्यंत म्हणते.

डिमेन्शिया म्हणजे रोजचे जगणे अडावे इतका बुद्धी व स्मृतीचा ऱ्हास; तो अनेक आजारांनी होतो आणि त्यांपैकी ६० ते ७० टक्के रुग्णांमध्ये कारण अल्झायमर असते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. इतर प्रकारांची तोंडओळख असावी, कारण त्यांची चाल निराळी असते. मेंदूच्या रक्तवाहिन्या बंद झाल्यामुळे होणारा ऱ्हास पुष्कळदा पायरी-पायरीने, प्रत्येक झटक्यानंतर एकदम वाढतो. लेवी बॉडी प्रकारात घरात नसलेली माणसे किंवा प्राणी स्पष्ट दिसतात, हालचाली संथ होतात आणि एकाच दिवसात शुद्धीत मोठे चढउतार होतात. या रुग्णांना भासांवरची काही औषधे अतिशय बाधतात, म्हणून असे काही दिसले असेल तर डॉक्टरांना ते सांगायचे राहू देऊ नये. कपाळामागचा भाग आधी बिघडणाऱ्या प्रकारात स्मरणशक्ती सुरुवातीला बरी असते, परंतु स्वभाव बदलतो, लाजलज्जा सुटते आणि दुसऱ्याच्या भावनांची कदर उरत नाही.

तिसरी पायरी : डॉक्टरांकडे तयारीने जावे

"अल्झायमरवर इलाज नाही, मग तपासून काय करायचं?" असा प्रश्न अनेक घरांत विचारला जातो. त्याचे उत्तर असे की, विसरण्याचे कारण अल्झायमरच आहे हे तपासल्याशिवाय ठरत नाही, आणि इतर कारणांपैकी कित्येक बरी होण्यासारखी असतात. बी १२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडचे काम मंदावणे, रक्तातील सोडियम कमी होणे, झोपेत श्वास अडकणे, पडल्यानंतर आठवड्यांनी कवटीच्या आत साचलेले रक्त, मेंदूतील पाणी वाढणे, अशी ही यादी आहे. वृद्धापकाळातले नैराश्य तर हुबेहूब डिमेन्शियासारखे दिसू शकते. झोपेच्या गोळ्या, ॲलर्जीची काही जुनी औषधे, लघवीवर ताबा राहावा म्हणून दिलेल्या काही गोळ्या यांमुळेही डोके सुन्न होते. ऐकू कमी येणाऱ्या माणसाला तर सांगितलेले आठवत नाही असे वाटते, पण मुळात ते त्याच्या कानापर्यंत पोहोचलेलेच नसते.

भेटीपूर्वी दोन-तीन आठवडे एक वही ठेवावी. तिच्यात "विसरतात" असे मोघम न लिहिता प्रसंग लिहावा : "मंगळवारी दुपारी जेवण झाल्यावर अर्ध्या तासाने जेवायला मागितले; जेवण झाल्याचे सांगितल्यावर रागावल्या." केव्हापासून बदल जाणवतो, तो हळूहळू आला की अचानक, कोणते काम पूर्वी जमत होते आणि आता जमत नाही, पडणे-झडणे झाले का, झोप कशी आहे, हे त्यात असावे. घेत असलेली सर्व औषधे, दुकानातून स्वतःहून आणलेली आणि पूरक म्हणून घेतलेलीसुद्धा, पिशवीत भरून सोबत न्यावीत. रुग्णासमोर त्याच्या चुकांची यादी वाचून दाखवणे हा अपमान असतो. वही डॉक्टरांच्या हाती द्यावी किंवा थोडा वेळ वेगळे बोलायला मागावा.

डॉक्टर रक्त तपासतात, मेंदूचा सीटी किंवा एमआरआय करतात आणि प्रश्नांची चाचणी घेतात. १९७५ पासून वापरात असलेली एमएमएसई आणि २००५ मध्ये प्रसिद्ध झालेली मोका या दोन्ही चाचण्या ३० गुणांच्या आहेत. घड्याळ काढून त्यात सांगितलेली वेळ दाखवायला सांगतात, त्यातून जागेचे भान आणि नियोजन दोन्ही कळते. गुणांवर शिक्षण, भाषा, दृष्टी आणि श्रवण यांचा परिणाम होतो, त्यामुळे केवळ एका आकड्यावर निदान ठरत नाही. अमायलॉइड दाखवणारा पेट स्कॅन, पाठीच्या मणक्यातील द्रवाची तपासणी आणि आता रक्तातील टाऊ मोजणाऱ्या चाचण्याही आहेत. त्या लक्षणे असलेल्या व्यक्तींसाठी, तज्ज्ञांनी सांगितल्यासच कराव्यात.

एक इशारा मात्र ठळकपणे द्यायला हवा. काल व्यवस्थित बोलणारी व्यक्ती आज अचानक गोंधळली, असंबद्ध बोलू लागली किंवा सारखी गुंगीत जाऊ लागली, तर तो अल्झायमर नव्हे. अल्झायमर एका रात्रीत येत नाही. लघवीचा जंतुसंसर्ग, न्यूमोनिया, शरीरातील पाणी कमी होणे, नवे औषध किंवा पक्षाघात यांपैकी काहीतरी घडलेले असू शकते आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठावे लागतात. आधीच डिमेन्शिया असलेल्या रुग्णालाही हाच नियम लागू आहे.

चौथी पायरी : निदानानंतर जे आधी करायचे ते आधी करावे

सुरुवातीच्या काळात रुग्णाला स्वतःची मते असतात आणि ती त्याला मांडता येतात. हा काळ फार मोलाचा आहे, आणि बहुतेक कुटुंबे तो लपवाछपवीत घालवतात याचे मला मनापासून वाईट वाटते. ज्या व्यक्तीला ऐकायचे आहे, तिला सोप्या शब्दांत, एका वेळी पेलेल इतके सत्य सांगावे. पैशांचे व्यवहार पुढे कोणी पाहावेत, उपचारांचे निर्णय कोणी घ्यावेत, इच्छापत्र कसे असावे, अखेरच्या आजारपणात कोणते उपाय नकोत, हे तिच्याकडूनच समजून घेऊन कायद्याच्या चौकटीत लिहून ठेवावे; निर्णयक्षमता गेल्यावर हीच कामे अवघड आणि भांडणाची होतात. वाहन चालवणे हा प्रश्न सर्वांत दुखरा असतो. तो घरातल्यांनी भांडून सोडवण्यापेक्षा डॉक्टरांनी सांगितलेला बरा.

औषधांविषयी अपेक्षा रास्त असाव्यात. डोनेपेझिल, रिव्हास्टिग्मिन आणि गॅलँटामिन ही औषधे मेंदूतील ॲसिटिलकोलिन हे रसायन टिकवून धरतात. मध्यम व तीव्र अवस्थेत मेमँटिन देतात. यांनी काही रुग्णांची लक्षणे काही काळ सावरतात, आजार थांबत नाही. मळमळ, जुलाब, नाडी मंदावणे हे परिणाम दिसल्यास गोळी परस्पर बंद न करता डॉक्टरांना कळवावे. लेकानेमॅबला २०२३ मध्ये आणि डोनानेमॅबला २०२४ मध्ये अमेरिकेत पूर्ण मान्यता मिळाली. ही मुख्यतः शिरेतून दिली जाणारी औषधे अमायलॉइड काढून टाकतात. लेकानेमॅबच्या मुख्य चाचणीत १८ महिन्यांत ऱ्हासाचा वेग सुमारे २७ टक्के कमी झाला, परंतु ऱ्हास चालूच राहिला. ती केवळ सुरुवातीच्या अवस्थेसाठी आहेत, मेंदूला सूज किंवा रक्तस्राव होण्याचा धोका असल्यामुळे वारंवार एमआरआय करावे लागतात, आणि प्रत्येकाला ती योग्य ठरत नाहीत. स्मरणशक्ती परत आणण्याची हमी देणाऱ्या जाहिरातींवर मात्र एक पैसाही घालवू नये.

पाचवी पायरी : रोजचे वागणे बदलावे

येथून पुढे शिकायचे ते घरच्यांनी, कारण रुग्ण आता नवे शिकू शकत नाही. "आठवा बघू, हा कोण?" अशी परीक्षा घेणे पहिल्याप्रथम बंद करावे. जे नोंदलेच गेले नाही ते ताण देऊन निघत नाही. फक्त आपण नापास झालो ही बोच उरते. आणि ती बोच खरोखर उरते. आयोवा विद्यापीठातील संशोधकांनी २०१४ मध्ये अल्झायमरच्या रुग्णांना दुःखी आणि आनंदी चित्रफिती दाखवल्या. रुग्ण त्यांतील प्रसंग विसरले, तरी त्यांनी जागवलेली भावना त्यांच्यात नंतरही टिकून होती. रागावून बोललेले शब्द रुग्ण दहा मिनिटांत विसरतो, पण तो दुपारभर अस्वस्थ का आहे हे त्याला सांगता येत नाही. म्हणून भेटायला येणाऱ्याने स्वतःचे नाव व नाते सांगूनच सुरुवात करावी : "आजी, मी सुमन, तुमची भाची. तुम्हाला भेटायला आले."

तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला जातो, तेव्हा विचारणाऱ्यासाठी तो प्रत्येक वेळी पहिलाच असतो. थोडक्यात, त्याच शांत सुरात उत्तर द्यावे, आणि प्रश्नामागे काय आहे ते शोधावे. "घरी कधी जायचं?" असे स्वतःच्याच घरात बसून विचारणाऱ्या व्यक्तीला बहुधा पत्ता नको असतो; तिला अनोळखी, असुरक्षित वाटत असते, किंवा लघवीला जायचे असते. "हेच तर तुमचं घर!" असे ठासून सांगण्यापेक्षा "घरची आठवण येते का? कसं होतं ते घर?" असे म्हणून शेजारी बसावे. चाळीस वर्षांपूर्वी गेलेल्या आईला शोधणाऱ्याला "ती वारली" असे दर वेळी सांगितले, तर तो दर वेळी नव्याने पोरका होतो. हे खोटे बोलणे आहे का, असा प्रश्न प्रामाणिक माणसांना छळतो. माझे मत असे की, जे सत्य पेलण्याची शक्ती आजाराने काढून घेतली आहे ते पुन्हा पुन्हा लादण्यात प्रामाणिकपणा नाही; आईविषयी बोलू द्यावे, एवढे पुरते.

आंघोळीचे उदाहरण जवळून पाहू, कारण सर्वाधिक भांडणे तेथेच होतात. "आंघोळ करून घ्या" हे आपल्याला एक काम वाटते, पण त्यात बाथरूमपर्यंत जाणे, कपडे काढणे, पाण्याचा अंदाज घेणे, साबण लावणे, धुणे, पुसणे, कपडे योग्य क्रमाने घालणे, अशी वीस-पंचवीस कामे दडलेली आहेत आणि तो क्रमच रुग्णाच्या हातून सुटलेला आहे. त्यात खोली गार असते, आवाज घुमतो, आणि कोणीतरी आपले कपडे काढत आहे एवढेच कळते. म्हणून खोली आधी उबदार करावी, टॉवेल व कपडे घालण्याच्या क्रमाने मांडावेत, बसायला पक्की खुर्ची ठेवावी, खांद्यांवर टॉवेल राहू द्यावा. पाणी आधी हातावर, मग पायांवर घ्यावे, डोक्यावर शेवटी. एका वेळी एकच वाक्य बोलावे : "हा साबण हातात घ्या." मग थांबावे. वाक्य पोहोचायला आता वेळ लागतो. तेवढ्यात तेच दुसऱ्या शब्दांत सांगितले, तर ऐकणाऱ्यासाठी ते नवे वाक्य होते आणि गोंधळ वाढतो. आज नकार ठाम असेल तर ओल्या कापडाने अंग पुसून भागवावे आणि उद्या पाहावे.

संशय हाही असाच समजून घ्यावा. पाकीट स्वतःच कुठेतरी लपवले, लपवल्याची नोंद झाली नाही, आणि पाकीट तर जागेवर नाही. यातून "चोरलं" हाच एक निष्कर्ष निघतो. ज्याचा हात सतत मदतीला असतो त्याच्यावरच बहुधा आळ येतो. वाद न घालता "चला, मिळून शोधू" म्हणावे आणि लपवण्याच्या नेहमीच्या जागा लक्षात ठेवाव्यात. संध्याकाळी अस्वस्थता वाढणे हे फार रुग्णांत दिसते. अंधार पडण्यापूर्वीच दिवे लावावेत, दिवसा उजेडात चालणे व्हावे, दुपारची झोप लांबू देऊ नये. वागण्यात अचानक बिघाड झाला तर आधी दुखणे, बद्धकोष्ठता, जंतुसंसर्ग शोधावा, कारण "पोटात दुखतंय" हे सांगण्याचे शब्द आता रुग्णाकडे नसतात. शांत करणारी मनोविकारांवरची औषधे डिमेन्शियाच्या वृद्धांत पक्षाघात आणि मृत्यूचा धोका वाढवतात. इतर सर्व करून झाल्यावर, धोका गंभीर असेल तरच, कमी मात्रेत आणि थोड्या काळासाठी ती डॉक्टर देतात.

घरातले बदल थोडक्यात : गॅस आपोआप बंद होण्याची सोय, औषधे कुलपात, घसरणाऱ्या सतरंज्या काढून टाकणे, रात्री शौचालयापर्यंत उजेड, बाहेर पडण्याच्या दाराला घंटी, रुग्णाच्या अंगावर नाव व फोन नंबर, आणि जवळ ठेवलेला अलीकडचा फोटो.

सहावी पायरी : सांभाळणाऱ्याची आणि पुढच्या काळाची व्यवस्था

निदानानंतर रुग्ण साधारणतः चार ते आठ वर्षे जगतो, काही जण वीस वर्षांपर्यंतही. इतका काळ एकट्या व्यक्तीने रात्रंदिवस सांभाळणे शक्य नाही, आणि बहुतेक घरांत हा भार ठरवून नव्हे, तर गृहीत धरून एकाच व्यक्तीवर, बहुधा घरातल्या स्त्रीवर पडतो. भावंडांनी एकत्र बसून आठवड्यातले कोणते तास कोणाचे, खर्च कोणाचा, रात्र कोणाची, हे कागदावर लिहावे. दूर राहणाऱ्याने फोनवर सल्ला देण्याऐवजी वर्षातून काही आठवडे प्रत्यक्ष येऊन जागा घ्यावी. सांभाळणाऱ्याची झोप उडाली, सतत रडू येऊ लागले, हात उगारावासा वाटला, तर तो दुर्गुण नसून थकव्याची परिसीमा आहे. त्या दिवशी दुसऱ्याला बोलवावे आणि स्वतःसाठीही डॉक्टरांशी बोलावे.

मुलांच्या मनात "मलाही होईल का?" हा प्रश्न असतो. ठरावीक जनुकदोषामुळे थेट वारशाने येणारा अल्झायमर एक टक्क्याहूनही कमी रुग्णांत असतो आणि तो बहुधा तरुण वयात सुरू होतो. एपीओई-४ हे जनुक धोका वाढवते, आजार ठरवत नाही. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाच्या २०२४ च्या अहवालात बहिरेपणा, उच्च रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, नैराश्य, एकाकीपणा, डोक्याला मार, उपचार न केलेली अंधुक दृष्टी अशी एकूण १४ कारणे दिली आहेत. ती सर्व दूर करता आली, तर जगातील डिमेन्शियाचे सुमारे ४५ टक्के रुग्ण टाळता किंवा पुढे ढकलता येतील, असा त्याचा अंदाज आहे. श्रवणयंत्र लावणे आणि रक्तदाब ताब्यात ठेवणे, ही त्यांतली आजच हाती घेण्यासारखी कामे आहेत.

शेवटच्या अवस्थेत बोलणे जवळजवळ थांबते आणि गिळताना ठसका लागू लागतो. अन्न मऊ व घट्टसर करावे, रुग्णाला ताठ बसवून लहान चमच्याने, आधीचा घास गिळल्याची खात्री करूनच पुढचा द्यावा, आणि जेवणानंतर अर्धा तास आडवे करू नये. नळीने अन्न देण्याचा विषय या टप्प्यावर निघतो. प्रगत डिमेन्शियात नळीमुळे आयुष्य वाढते किंवा न्यूमोनिया टळतो असा पुरावा नाही, त्यामुळे तज्ज्ञ संस्था हाताने सावकाश भरवण्याचाच सल्ला देतात, जेवढे जाईल तेवढे. त्रास कमी करण्यासाठी शुश्रूषा-उपचार (पॅलिएटिव्ह केअर) करणाऱ्या पथकाशी याच सुमारास बोलावे, वेदना आणि धाप यांच्यावर कोणती औषधे घरी ठेवायची आणि रात्री-अपरात्री कोणाला फोन करायचा हे विचारून घ्यावे, आणि चौथ्या पायरीत लिहून ठेवलेला कागद बाहेर काढून रुग्णाच्या अंथरुणाजवळ, सर्वांना सापडेल असा ठेवावा.